वनपट्ट्याची वरकस जमीन : हक्क आणि सुधारणा

सह्याद्री व सातपुड्याच्या उतारांवर नागली, वरई, खुरासणी पिकविणाऱ्या आदिवासी कुटुंबांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सरकारी दप्तरात मात्र ती ‘अतिक्रमण’ ठरली. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, योजना नाही. जमीन कधी सुटेल याचा भरवसा नसल्याने बांध कोण घालणार? दरवर्षी पावसाबरोबर माती वाहून गेली. वनहक्क कायदा, 2006 च्या प्रस्तावनेत हा ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केलेला आहे.

कायद्याने काय मिळते?

13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, प्रत्यक्ष वहिवाटीइतका व जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. बिगर-आदिवासी वननिवासींना त्यापूर्वीचा 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेकडे करावा. निर्णय विरुद्ध गेल्यास 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो वारसांकडे जातो, परंतु विकता येत नाही.

पट्टा मिळाल्यानंतर

पट्टा मिळाला म्हणजे काम संपले असे समजू नये. 2012 च्या सुधारित नियमांतील नियम 16 प्रमाणे जमीन सुधारणा व उत्पादनवाढीच्या शासकीय योजना पट्टेधारकांपर्यंत पोचविणे ही राज्य शासनाची जबाबदारी आहे. ही मेहेरबानी नव्हे. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

1) पट्टा, नकाशा व ग्रामसभेचा ठराव जोडून तालुका कृषि अधिकारी व आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. अर्जाची पोच घ्यावी.

2) उतारास आडवे समपातळी बांध घालावेत. दगड उपलब्ध असल्यास दगडी बांध घालावेत व त्यांच्या कडेने गवत लावावे.

3) नांगरट, पेरणी व लावणी उतारास आडवी करावी.

4) नागलीची 21 ते 25 दिवसांची रोपे ओळीत लावावीत. उडीद किंवा तुरीचे आंतरपीक घ्यावे.

5) जास्त उताराच्या तुकड्यावर नागलीऐवजी आंबा, काजूसारखी फळझाडे लावावीत. उभी झाडे तोडू नयेत.

जंगल, वन्यप्राणी व पाणवठे राखणे हे कायद्याने हक्कधारकांचे कर्तव्यही आहे. वरचे जंगल टिकले तरच खालच्या खाचरात पाणी उतरते. आपल्या पाड्यावर ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ही माहिती अवश्य वाचून दाखवावी.