मते मोजणारे हात : फिलिपीन्स, १९८६

माझे वडील प्राथमिक शिक्षक आहेत. निवडणूक आली की त्यांची मतदान केंद्रावर नेमणूक ठरलेली. एकदा रात्री फार उशिरा परतल्यावर मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "मतदान संपले तरी आमचे काम संपत नाही. एकूण किती मते पडली त्याचा हिशेब लिहायचा आणि प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायची." मला ती निव्वळ कारकुनी वाटली. पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासात फिलिपीन्समधील १९८६ च्या निवडणुकीचा इतिहास वाचला आणि अशा कागदाची खरी किंमत कळली.

एका देशातील लोकशाहीला बाहेरच्यांनी मदत करावी काय, हा वर्गात नेहमी वादाचा विषय होतो. काहींना ती मदत म्हणजे ढवळाढवळ वाटते, तर काहींना जगाचे कर्तव्य वाटते. मी पहिल्या बाजूचा होतो. फिलिपीन्सच्या उदाहरणाने माझे मत पुरते बदलले नाही, परंतु त्याला मुरड मात्र घातली.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. फर्डिनंड मार्कोस १९६५ साली लोकांच्या मतांनीच राष्ट्राध्यक्ष झाले. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. काँग्रेस बंद झाली, विरोधक तुरुंगात गेले, वृत्तपत्रांना टाळे लागले. १९८१ साली हा कायदा नावापुरता उठला, पण सत्ता त्याच हातात राहिली. ह्या सर्व काळात अमेरिकेची मदत चालूच होती, कारण क्लार्क आणि सुबिक येथील तळ तिला हवे होते. म्हणजे ज्या परदेशी सहकार्याचे आपण गोडवे गातो, ते येथे कित्येक वर्षे हुकूमशहाच्या पदरात पडत होते. हे विसरून पुढचा भाग वाचता येणार नाही.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले आणि मनिलाच्या विमानतळावरच त्यांची गोळी घालून हत्या झाली. लोकांच्या संतापाला वाट हवी होती. त्याच वर्षी उद्योजक होसे कन्सेप्शियन यांच्या पुढाकाराने 'नामफ्रेल' ही नागरिकांची निवडणूक-निरीक्षण संघटना उभी राहिली. तीत शिक्षक होते, जोगिणी होत्या, विद्यार्थी होते, व्यापारी होते. १९८६ पर्यंत तिच्या स्वयंसेवकांची संख्या सुमारे पाच लाखांवर गेली.

नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्कोस यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली, तीही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत! त्यांना आपल्या जनतेपेक्षा वॉशिंग्टनची खात्री पटवायची होती. विरोधात अक्विनो यांच्या पत्नी कोराझोन उभ्या राहिल्या. मतदान ७ फेब्रुवारी १९८६ रोजी झाले.

नामफ्रेलची पद्धत साधी होती. मतदान केंद्रावर मोजणी होताच तेथील आकड्यांचा तक्ता हाती घ्यायचा आणि तो मनिलातील एका शाळेच्या व्यायामशाळेत आणून बेरीज करायची. केंद्रावरचा आकडा एकदा अनेकांच्या हाती पडला की वरच्या पातळीवर तो फिरवणे कठीण जाते. तरीही पेट्या पळविल्या गेल्या, स्वयंसेवकांना मारहाण झाली, असंख्य मतदारांची नावे यादीत सापडेनात. ९ फेब्रुवारीच्या रात्री सरकारी मोजणी केंद्रातील सुमारे ३५ संगणक कर्मचारी आपले आकडे व फलकावरचे आकडे जुळत नाहीत म्हणून कामावरून उठून बाहेर पडले. दोनच दिवसांनी अँटिक प्रांताचे माजी गव्हर्नर एव्हेलिओ हाविएर यांची भर दिवसा हत्या झाली. ते तेथे कोराझोन यांच्या बाजूने मोजणीवर लक्ष ठेवीत होते.

नामफ्रेलच्या मोजणीत कोराझोन यांना सुमारे ७८ लाख आणि मार्कोस यांना ७० लाख मते होती. ही मोजणी सर्व केंद्रांची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संसदेने मात्र १५ फेब्रुवारीला मार्कोस यांना १ कोटी ८ लाख मतांनी विजयी ठरविले आणि कोराझोन यांच्या पदरी ९३ लाख टाकली.

बाहेरच्यांची भूमिका येथे येते. १९ देशांतील ४४ निरीक्षकांचे एक मंडळ आले होते, तर अमेरिकेचे स्वतंत्र मंडळ सिनेटर रिचर्ड लुगार यांच्या नेतृत्वाखाली होते. अध्यक्ष रेगन यांनी ११ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंनी लबाडी झाली असावी असे सुचविले. लुगार यांनी त्याला उघड विरोध केला आणि चारच दिवसांत अमेरिकन सरकारला आपली भाषा बदलावी लागली. परंतु ह्या निरीक्षकांजवळ दाखवायला जे होते, त्यातले बरेचसे स्थानिक स्वयंसेवकांनी जीव धोक्यात घालून जमविलेले होते.

पुढचे सर्वश्रुत आहे. २२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री एनरिले व सेनाधिकारी रामोस यांनी बंड केले. कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून हाक दिली. लाखो लोक एड्सा रस्त्यावर रणगाड्यांपुढे बसले. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले आणि हवाईत जाऊन राहिले.

तेव्हा माझा निष्कर्ष असा : बाहेरचा माणूस साक्षीदार होऊ शकतो, वादी होऊ शकत नाही. वादी घरचाच लागतो. ह्या मर्यादेत सहकार्याचा उपयोग मोठा आहे. नागरिकांनी स्वतंत्रपणे मते मोजण्याचा हाच मार्ग १९८८ साली चिलीतील सार्वमतात उपयोगी पडला. १९९७ साली आशियातील निरीक्षक संघटनांचे जाळे उभे राहिले. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची आचारतत्त्वे जाहीर झाली.

मोजणी खरी झाली म्हणजे सारे साधले, असेही नव्हे. फिलिपीन्सच्या राजकारणावरील मोठ्या घराण्यांची पकड सुटली नाही. २०२२ च्या निवडणुकीत मार्कोस यांचे चिरंजीवच राष्ट्राध्यक्ष झाले. ज्यांनी ८६ साली तक्ते छातीशी धरून पळविले, त्यांना हे पाहताना काय वाटले असेल? पण निवड कोणाचीही होवो, ती मोजणाऱ्याच्या मर्जीने होऊ नये, एवढ्याचसाठी तर ते झगडले होते.

मित्रहो, आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आता जवळ आली आहे. मोजणीच्या दिवशी टेबलाजवळ प्रतिनिधी म्हणून बसायला कोणी सहसा तयार नसतो, कारण काम कंटाळवाणे असते. ह्या खेपेस मी माझे नाव दिले आहे. वडील एवढेच म्हणाले, "पेन दोन घेऊन जा."