क्रोम उघडेना? खिसा उघडण्याआधी हे पाहा

क्रोम, फायरफॉक्स आणि एज हे तिन्ही ब्राउझर फुकट मिळतात. बिघडले तर पुन्हा टाकून घेणंही फुकट. तरीही ‘क्रोम उघडत नाही’ एवढ्या तक्रारीवर दुरुस्तीच्या दुकानात साधारण ५०० ते १,००० रुपये सहज जातात आणि त्यांच्याबरोबर कधी कधी वर्षानुवर्षं साठवलेले पासवर्डही जातात. हे पैसे बहुतेक वेळा फॉरमॅटचे असतात. फॉरमॅट दुकानदाराला सोयीचा, कारण मग बिघाड शोधत बसावं लागत नाही. पण नुसता ब्राउझर उघडत नसेल, तर ग्राहकाला त्याची गरज क्वचितच असते.

म्हणून पहिली चाचणी घरीच करा: दुसरा ब्राउझर उघडून पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये एज असतोच. तो नीट उघडला आणि त्यात साइट दिसल्या, तर हार्ड डिस्क, विंडोज आणि इंटरनेट या तिघांवरचा संशय बराचसा उतरतो. दोष बहुधा क्रोममध्ये किंवा त्याच्या फायलींमध्ये आहे, आणि तेवढ्यासाठी अख्खा लॅपटॉप पुसायचं कारण नाही. महाडीबीटीचा अर्ज आज रात्रीपर्यंत भरायचा असेल किंवा सातबारा काढायचा असेल, तर ते काम एजमधून उरका आणि क्रोमचं उद्या बघा. घाईतलं गिऱ्हाईक भाव करत नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

(तक्रार इंटरनेट एक्सप्लोररची असेल तर विषयच संपला. मायक्रोसॉफ्टनं तो जून २०२२ मध्ये निवृत्त केला आणि विंडोज १० वर फेब्रुवारी २०२३ मध्ये अपडेट पाठवून कायमचा बंद केला. तो ‘दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जुन्या साइटसाठी एजमध्ये आयई मोड आहे.)

आता क्रोमकडे. आयकॉनवर क्लिक केलं, क्षणभर गोल फिरलं आणि पुढे काहीच नाही, असं होत असेल तर अनेकदा ब्राउझर आधीच चालू असतो, फक्त दिसत नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यादीत क्रोम किंवा फायरफॉक्स दिसेल, त्यावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा. फायरफॉक्स तर स्वतःच सांगतो की तो आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर रीस्टार्ट करा. इथे शट डाउन चालणार नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज शट डाउन करताना आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो.

नंतरचा संशयित अँटिव्हायरस. त्याच्या अडवलेल्या प्रोग्रामांच्या यादीत ब्राउझरचं नाव आहे का, ते पाहा. वर्षाचे पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्या कंपनीची मदत त्याच पैशांत मिळते. ती सोडून दुकानात वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

कधी कधी दोष तुमच्या लॅपटॉपचा नसतोच. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभरात फायरफॉक्स उघडत होता, पण पानं येत नव्हती. त्याच्या एचटीटीपी-३ च्या भागातला एक सुप्त दोष सर्व्हरवरच्या बदलामुळे जागा झाला होता. मोझिलानं काही तासांत सर्व्हरच्या बाजूनं तो निस्तरला. वापरणाऱ्यांना ब्राउझर बंद करून पुन्हा उघडण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. जून २०२५ मध्ये पाळी क्रोमची आली. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीचं नियंत्रण असलेल्या मुलांच्या खात्यांवर तो उघडताच मिटत होता, एज मात्र व्यवस्थित चालत होता. अयोग्य साइट गाळणारं फिल्टर बंद केलं की क्रोम उघडायचा. त्या दिवसांत कोणी फॉरमॅट करून घेतला असेल, तर मुलाचं खातं पुन्हा जोडताच तोच त्रास परत आला असणार. दोन-चार ओळखीच्यांना ‘तुझ्याकडेही असंच होतंय का’ एवढं विचारलं, तरी असा खर्च टळतो.

एवढं करूनही ब्राउझर उघडला नाही, तर संशय प्रोफाइलवर. इथे जरा थांबायला हवं, कारण नुकसान होतं ते याच ठिकाणी. ब्राउझर हे भाड्याचं घर मानलं, तर प्रोफाइल म्हणजे त्यातलं आपलं सामान: बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, एक्स्टेन्शन. दुकानात आधी क्रोम काढून पुन्हा टाकतात. पण क्रोम काढला तरी प्रोफाइलचं फोल्डर सहसा जागेवरच राहतं, म्हणून बिघाड त्यात असेल तर नवा क्रोमही तिथेच अडखळतो. आणि काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ या चौकटीत टिचकी मारली गेली, तर सामान गेलंच.

खरा उपाय पुसण्याचा नाही, नाव बदलण्याचा आहे. क्रोम पूर्ण बंद करून तुमच्या विंडोज खात्यातल्या ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम या फोल्डरांतून ‘युजर डेटा’पर्यंत जा. ॲपडेटा लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये लपलेल्या वस्तू दाखवायला सांगा. ‘युजर डेटा’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरला ‘डिफॉल्ट जुनं’ असं काहीही नाव द्या आणि क्रोम उघडा. उघडला, तर निदान पक्कं. गूगल खात्यात सिंक चालू असेल तर साइन-इन करताच बुकमार्क आणि पासवर्ड परत येतात. नसेल तर जुन्या फोल्डरातली ‘बुकमार्क्स’ नावाची फाइल नव्या ‘डिफॉल्ट’मध्ये ठेवा. पासवर्डचं मात्र तसं नाही. ते विंडोजच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीनं कुलूपबंद असतात, त्यामुळे फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फॉरमॅटनंतर परत ठेवली तरी उघडत नाहीत. ‘डेटाचा बॅकअप घेतलाय’ असं दुकानदार खरेपणानं सांगतो आणि तरी पासवर्ड जातात, ते यामुळे.

फायरफॉक्सचं काम यापेक्षा सोपं आहे. शिफ्ट दाबून धरून तो उघडला तर ट्रबलशूट मोड विचारतो, ज्यात सगळी एक्स्टेन्शन बंद असतात. त्यात नीट चालला तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा असण्याचीच शक्यता जास्त. तसाही उघडला नाही, तर विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत फायरफॉक्स, मग एक मोकळी जागा, मग डॅश आणि मोठा पी लिहा. प्रोफाइल मॅनेजर उघडेल, तिथे नवं प्रोफाइल तयार करता येतं आणि जुनं तसंच राहतं.

लॅपटॉपवर विंडोज ७ किंवा ८ असेल तर हिशोब निराळा. त्यांच्यासाठीची क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून विंडोज १० लागतं, म्हणून नवा क्रोम तिथे कोणी कितीही वेळा टाकला तरी चालणार नाही. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही आवृत्ती मात्र या जुन्या विंडोजवर चालते. जुजबी कामाला ती पुरेल, बँकेचे व्यवहार तिथे मी तरी करणार नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण म्हणून त्यावरचे ब्राउझर त्या दिवशी बंद पडले नाहीत. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर त्याला पैसे नाहीत, नाहीतर ३० डॉलर. ‘विंडोज १० संपलं, आता नवाच लॅपटॉप घ्या’ असं कोणी म्हणालं, तर हे आठवा.

आता दुकान. एजही उघडत नाही, वर्डला मिनिटं लागतात, मध्येच सगळं गोठतं, अशी अवस्था असेल तर मात्र जायला हवं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी बसवणं हा यातला खरोखर वसूल होणारा खर्च. एसएसडीचे भाव सारखे हलतात, तेव्हा त्याच क्षमतेचा आणि त्याच कंपनीचा भाव ऑनलाइन पाहून मगच दुकानात जा, आणि बसवण्याची मजुरी बिलात वेगळी लिहून घ्या. विंडोजच्या ‘की’चे पैसे मागितले तर विचारात पडा. लॅपटॉप मुळात अस्सल विंडोज ८ किंवा पुढच्या आवृत्तीसह आलेला असेल, तर ती की बहुधा मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते आणि पुन्हा विंडोज टाकताना आपोआप उचलली जाते. पाचशे-सातशेत मिळणारी की आणि फुकट ‘ॲक्टिव्हेटर’ यांच्या वाटेला जाऊ नका. ॲक्टिव्हेटरमधून व्हायरस येतो आणि मग ब्राउझर पुन्हा उघडेनासा होतो.

लॅपटॉप हातात देण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: फक्त तपासणीचे किती, फॉरमॅट लागला तर आधी फोन करणार का, आणि काम झालं नाही तर काय द्यायचं. शेवटच्या प्रश्नावर चेहरा बदलला तर दुसरं दुकान बघा.

दुकानापेक्षा महाग पडतो तो फोन. ‘क्रोम कस्टमर केअर’ असं शोधून सापडलेला नंबर लावू नका. फुकट क्रोम वापरणाऱ्यांसाठी गूगलची फोन-मदत नाही. पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो, स्क्रीन त्याच्या हाती जाते आणि मग बँक उघडायला लावतो. असं घडलंच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

आणि बिल घ्याच. बिल न देणं, तसंच विश्वासानं दिलेली खाजगी माहिती बाहेर देणं, हे दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. दुकानानं जीएसटी लावला असेल तर त्यावर जीएसटी क्रमांक हवा. दुरुस्तीच्या मजुरीवर दर १८ टक्के. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.