कोंबडीच्या जाळीचा अँटेना आणि एकनाथ चिटणीस



मागच्या पालकसभेत कोपरखैरण्याच्या एका बाबांनी मला विचारलं, "मॅडम, मुलाला इस्रोत जायचंय. आठवीपासून कुठला क्लास लावू?" त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, पण मला पटकन उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकनाथ चिटणीस यांच्यावर पाठ घेतला. तो तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

चिटणीसांचा जन्म 25 जुलै 1925 चा, कोल्हापूरचा. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत विक्रम साराभाईंबरोबर ते विश्वकिरणांवर काम करत. पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले. साराभाईंनी बोलावलं तेव्हा, 1961 साली, परत आले. तेव्हा इस्रो नव्हतीच! रॉकेट उडवायला जागा शोधण्यापासून सुरुवात होती. केरळातलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव निवडण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पुढे श्रीहरिकोटा निवडतानाही.

थुंबाच का? इथे वर्गात थोडं थांबा. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण दाखवते हे मुलांना माहीत असतं. पण सुई वर-खाली फिरू दिली तर ती जमिनीकडे झुकतेही, आणि चुंबकीय विषुववृत्तावर मात्र अगदी आडवी राहते. ती रेषा थुंब्याजवळून जाते. तिच्यावर साधारण 100 किलोमीटर उंचीवर विजेचा प्रवाह वाहतो. तिथे फुगा पोहोचत नाही, आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. मग रॉकेटच हवं. पहिलं रॉकेट 21 नोव्हेंबर 1963 ला उडालं. ते अमेरिकन बनावटीचं होतं, हेही मुलांना सांगावं, लपवू नये.

पण मला खरं सांगायचंय ते 'साइट' या प्रयोगाबद्दल. कारण तो आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, धंद्याचा आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष नासाचा एटीएस-6 हा उपग्रह भारताने वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत थेट टीव्ही पोहोचवला. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता!) चिटणीस या कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते. संच कुणा एकाच्या घरात नाही, तर शाळेत किंवा पंचायतीत, सगळ्यांना बघता येईल असा. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य असे कार्यक्रम. शिवाय सुमारे 50 हजार प्राथमिक शिक्षकांना याच टीव्हीवरून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं. ऑनलाइन प्रशिक्षणाला कंटाळलेल्या आपल्या पिढीने हे जरा लक्षात घ्यावं, इतकंच म्हणते.

आता मुलांना सगळ्यात आवडलेला भाग. गावात बसवलेली छत्री तीन मीटर व्यासाची होती आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. वर्गात लगेच प्रश्न आला, "भोकांतून सिग्नल निघून नाही जाणार?" उत्तर फळ्यावर काढू या. लहरींची वारंवारता 860 मेगाहर्ट्झ. 300 ला 860 ने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, 0.35, म्हणजे 35 सेंटिमीटर. जाळीची भोकं त्याहून खूप लहान, म्हणून लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. पाऊस आणि वारा मात्र भोकांतून निघून जातो, आणि जाळी स्वस्त, हलकी. घरी मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्या दारातली बारीक भोकांची जाळी मुलांना दाखवा. आतल्या लहरी साधारण 12 सेंटिमीटरच्या, त्या आतच राहतात. प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून आतली इडली आपल्याला दिसते.

चिटणीस 1981 ते 1985 अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते. 1985 मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि विद्यापीठात संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. 22 ऑक्टोबर 2025 ला, वयाच्या शंभराव्या वर्षानंतर, ते गेले. त्यांचे चिरंजीव चेतन चिटणीस आयआयटी मुंबईत भौतिकशास्त्र शिकले आणि आयुष्य घालवलं ते मलेरियाच्या लशीच्या संशोधनात. बाप विश्वकिरणांतून खेड्यातल्या टीव्हीकडे वळला, मुलगा भौतिकशास्त्रातून डासाच्या रोगाकडे. घरात कुणी कुणाला "तुझी लाइन सोडू नकोस" म्हटलं नसावं असं आपलं मला वाटतं. त्या बाबांना मी हेच सांगितलं. क्लासचं नाव मिळालं नाही म्हणून ते जरा नाराजच झाले.

तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, वर्ष संपल्यावर त्या गावांचं काय झालं?"

उपग्रह उसना होता. 31 जुलैला थेट प्रक्षेपण थांबलं. काही भागांत पुढे जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्रांतून कार्यक्रम सुरू राहिले, सगळीकडे नाही. आपला इन्सॅट-1ए 1982 मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला आणि इन्सॅट-1बी 1983 मध्ये गेला. तिने वहीच्या कडेला वजाबाकी केली आणि म्हणाली, "म्हणजे पहिलीतली मुलं तोवर आठवीत आली असतील. आमच्याएवढी."