असन्निधानातील दुःख आणि स्मरणाचा आधार

संसारदुःखाने गांजलेला मनुष्य परमेश्वराकडे वळतो, ही नित्याच्या अनुभवातील गोष्ट आहे. परंतु तो कशासाठी वळतो, हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. दुःखाचे कारण नाहीसे व्हावे म्हणून वळणे निराळे, आणि दुःख असतानाही परमेश्वराला धरून राहण्यासाठी वळणे निराळे. पहिल्या प्रकारात सुख हे साध्य असून परमेश्वर केवळ साधन होतो. दुसऱ्यात परमेश्वरच साध्य असतो. महानुभाव तत्त्वज्ञानाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न मानले आहेत. देवता आपापल्या अधिकारानुरूप फळ देतात आणि ते फळ भोगून सरते. जीवाला बंधातून सोडविण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचे. तेव्हा ‘नोकरी टिकू दे, मग अमुक करीन’ असा करार मांडणारा मनुष्य नाव परमेश्वराचे घेतो खरा, पण व्यवहार देवतेशी करावा तसा करतो. असा करार फसला की त्याची श्रद्धाही फसते. श्रद्धा उडाल्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हा न पाळला गेलेला करार असतो.

केशिराजबासांनी दृष्टांतपाठ सिद्ध करताना दृष्टांत आणि त्यापुढे दार्ष्टांतिक अशी रीत घालून दिली. त्याच रीतीने प्रस्तुत विषयाचा विचार करता येईल. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर खडवली हे स्थानक आहे. तेथून जवळच भातसा नदी वाहते. या नदीवर वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात मोठे धरण असून मुंबईला त्याचे पाणी जाते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या बाजूस, पाऊस थांबला असतानाही, पाणी चढू लागते. पात्रात उतरलेला मनुष्य आकाशाकडे पाहतो. तेथे त्याला कारण सापडत नाही. कारण कित्येक मैल वर घडून गेलेले असते.

दार्ष्टांतिक असे: जीवाच्या वाट्याला आलेल्या दुःखाचे कारण त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात असतेच असे नाही. पूर्वकर्माचा ओघ वरून येतो. मात्र दृष्टांत सर्वांगांनी ताणू नये. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘हे तुझेच कर्म’ असे म्हणणे हा विचार नव्हे, तो निष्ठुरपणा होय. कर्मविचार स्वतःच्या मनाला आवरण्यासाठी आहे, शेजाऱ्याला दटावण्यासाठी नाही. शिवाय पाणी चढत असता काठाकडे यावयाचे असते. कारणाची मीमांसा मागाहून होते.

हा काठ कोणता, हे नागदेवाचार्यांच्या चरित्रावरून कळते. इ.स. 1274 च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांनी सर्वस्व सोडून त्यांना अनुसरले होते, त्यांचा सन्निधानाचा आधार अशा रीतीने सुटला. याहून मोठे दुःख साधकाला असू शकत नाही. येथे नवसाने काही परत येणार नव्हते आणि कारण दूर होण्याचीही आशा नव्हती. भटोबास ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले आणि तेथे त्यांनी स्वामींच्या लीळांचे स्मरण चालविले. एकेक प्रसंग, स्वामी कोठे बसले होते, काय बोलले, कोणाकडे पाहिले, असे ते मनात आणीत. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा हे स्मरणाचे चार विषय आहेत. त्यात मन गुंतले की मनाला आपल्याच दुःखाभोवती फिरण्यास जागा उरत नाही. विरह गेला नाही, पण तो स्मरणाला लागला.

म्हाइंभटांनी हे पाहिले. स्वामींशी वाद करावा या हेतूने एकेकाळी आलेला हा विद्वान आता तितक्याच निष्ठेने लीळा टिपू लागला. ऋद्धिपुरातील वाजेश्वरी येथे भटोबास सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. ज्या ज्या व्यक्तीला जो प्रसंग ठाऊक, तिच्याकडे जाऊन त्यांनी तो पडताळून घेतला. शके 1200, म्हणजे 1278 च्या सुमारास सिद्ध झालेले लीळाचरित्र आज मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून गौरविले जाते. विद्यापीठांतून त्याचा अभ्यास भाषेसाठी होतो, तो व्हावाच. परंतु एका विरही शिष्याच्या स्मरणातून तो उगवला, हे साधकाने विसरू नये.

पुढे त्याच ग्रंथावर संकट आले. 1296 पासून देवगिरीच्या राज्यावर उत्तरेकडील फौजांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि त्या धामधुमीच्या काळात मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा हिराइसेसारख्या, लीळा मुखोद्गत असलेल्या व्यक्तींच्या आठवणीतून पाठ पुन्हा उभे राहिले. पाठभेदांची अडचण अभ्यासकाला तेव्हापासून आहे, हे खरे. पण पोथी गेल्यावरही जे टिकले ते कशात टिकले, याचे उत्तर त्या पाठभेदांतच आहे.

या स्मरणाला पांडित्य लागत नाही. भटोबासांनी संस्कृत ग्रंथरचनेचा आग्रह नाकारला तो साध्याभोळ्या स्त्रिया परमार्थाला मुकतील म्हणून. खडवलीहून पहाटेच्या गाडीने ठाण्या-मुंबईस जाणारा, घराच्या कर्जाने दबलेला, रात्री उशिरा परतणारा गृहस्थ त्या स्त्रियांहून अधिक असहाय नाही. त्याने कर्जाचा हिशेब घरच्यांपासून लपवू नये, दुखणे असेल तर वैद्याकडे जावे आणि जीव नकोसा वाटू लागला तर ते जवळच्या माणसाला त्याच दिवशी सांगावे. मनुष्यदेह हा परमेश्वरप्राप्तीचा अवसर असल्याने तो राखणे हेही धर्मातच येते. विश्वास हा उपायांच्या जागी ठेवावयाचा नसून उपाय करणाऱ्या मनाच्या खाली ठेवावयाचा आहे. गाडीच्या गर्दीत नाम घेता येते. लीळा आठवण्यास मात्र थोडे विजन हवे. सुटीच्या दिवशी भातसेचा काठ सहलीच्या लोकांनी भरून जातो. इतर दिवशी पहाटे गाडीच्या वेळेआधी तेथे घटकाभर बसता येते. पाण्यात न उतरता, काठावर.