खाड्याचा नियम करण्याआधी



मागच्या महिन्यात दोन ग्रामसंघांनी मला एकच प्रश्न विचारला. एकाचं पापडाचं युनिट आहे, दुसऱ्याचं शिवणकामाचं. "मॅडम, बायका रोज येत नाहीत, ऑर्डर अडकते. खाडा केला की किती पैसे कापायचे ते सांगा."

प्रश्न खोटा नाही. ऑर्डर घेतली की तारीख पाळावी लागते. पण एक गोष्ट आपल्या पटकन ध्यानात येत नाही. बचत गटात आपण सगळ्या सारख्या असतो. युनिट काढलं, रोजानं बायका लावल्या, की त्यांच्यापुरत्या आपण मालकीण झालो. मोठ्या कंपनीत माणसं घेणं, काम वाटून देणं, पगार, रजा, तक्रारी हे सगळं बघायला वेगळा विभाग असतो. त्याला एचआर म्हणतात. आपल्याकडे हे काम अध्यक्ष, सचिव आणि माझ्यासारखी समन्वयक मिळून करतो. बहुतेक वेळा घाईतच.

घाईत काय होतं ते माझ्याच चुकीवरून सांगते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या एका मसाला युनिटमध्ये नऊ जणी कामाला होत्या. रोज 250 रुपये. मार्च महिना, म्हणजे मसाल्याचा ऐन हंगाम, आणि नेमकी तेव्हाच गव्हाची काढणी नि लग्नसराई. रोज दोघी-तिघी गैरहजर. मी नुकतीच कॉलेजातून आलेली, वहीत सगळं लिहिलेलं होतं. मी नियम सुचवला: महिनाभर एकही खाडा नसेल तर 500 रुपये बक्षीस, आणि न सांगता खाडा केला तर दोन दिवसांचा रोज कापायचा. कार्यकारिणीनं दहा मिनिटांत ठराव केला. मिरची निवडणाऱ्या, मसाला भाजणाऱ्या बायका त्या बैठकीत नव्हत्याच. त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पहिल्या महिन्यात हजेरी पूर्ण. मी अहवालात मोठ्या खुशीनं लिहिलं.

दुसऱ्या महिन्यात एका दुकानदारानं 12 किलो मसाला परत पाठवला. कडवट लागतो म्हणे. धणे करपले होते. मला वाटलं, निष्काळजीपणा. भाजणीवरच्या ताईंना विचारायला गेले तर त्यांचा आवाज बसलेला, नाक लाल. चार दिवस ताप-सर्दी अंगावर काढून त्या कामावर येत होत्या. भाजणीचं काम नाकावर चालतं, हे तुम्हाला मी काय सांगू? नाक बंद असल्यावर धणे कधी उतरवायचे ते कळणार कसं? त्या म्हणाल्या, "मॅडम, 500 रुपयांत पोरीच्या क्लासची फी निघते. ताप काय, येतो नि जातो."

मग मी एक दिवस तिथंच बसून राहिले. सकाळी नऊ ते पाच कुणी पाणीच प्यायलं नाही. कारण युनिटला संडास-बाथरूम नव्हतं. हजेरीच्या वहीत यातलं काहीच दिसत नव्हतं. हजेरी पूर्ण होती.

खाडा हा शब्द ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना चांगलाच माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि एक दिवस चुकला की दंड कापला जातो. त्यामुळे पाळी असो, पोट दुखो, गरोदर असो, बाई फडात उभी. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं एकच नाहीत. डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती आहे, फडावर संडास-पाणी नसणं आहे. पण खाड्याचा दंड त्यातलं एक कारण आहेच. आपला 500 रुपयांचा नियम तेवढा कठोर नव्हता. तरी अंगात ताप असताना बाईला कामावर आणायचं काम त्यानंही केलंच.

कॉलेजात आम्हाला एक जुना प्रयोग शिकवला होता. अमेरिकेत शिकागोजवळ टेलिफोनचं सामान बनवणारा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. 1927 मध्ये तिथं सुटे भाग जोडणाऱ्या मुलींचा छोटा गट वेगळ्या खोलीत बसवला. कधी मधे विश्रांती दिली, कधी नाश्ता दिला, कधी कामाचे तास कमी केले. काम वाढत गेलं. विश्रांतीमुळे की गटाला मिळणाऱ्या वेगळ्या मजुरीमुळे की कुणीतरी आपल्याला विचारतंय म्हणून, यावर अभ्यासक अजून भांडतात. (त्यातल्या दोघींना फार बोलतात म्हणून मधेच बदललं होतं. हे वाचून आपल्या गटातल्या काही जणींना हसू येईल.) मी त्या धड्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, आणि युनिटमध्ये नियम करताना एकीलाही विचारलं नव्हतं.

मग विचारलं. नऊ जणींना खाली सतरंजीवर बसवून, पदाधिकाऱ्यांसमोर. पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "पैसे कधी मिळणार ते ठरवा, बाकी आम्ही बघू." आमच्याकडे दुकानदाराचं बिल आलं की मजुरी मिळायची, कधी 20 तारखेला, कधी पुढच्या महिन्यात. ज्या दिवशी दुसरीकडे खुरपणीचे रोख पैसे मिळतात, त्या दिवशी बाई तिकडे जाणारच की! लिज्जत पापड आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. 1959 मध्ये मुंबईत सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. तिथं लाटलेले पापड देताना वजनावर लाटणावळ मिळते आणि प्रत्येक बहीण मालकीण असते. आपण लगेच तिथवर पोचणार नाही, पण तारीख तर पाळू शकतो. आम्ही 5 तारीख ठरवली आणि मजुरीसाठी एका महिन्याची रक्कम खात्यात वेगळी ठेवली.

महिन्याला एक भरपगारी रजा दिली. यावर कोषाध्यक्ष ताई अडून बसल्या. "बसून पैसे द्यायचे? महिन्याला 2,250 रुपये!" त्यांचं म्हणणं हिशोबानं बरोबर होतं. पण परत आलेला मसाला सात हजारांच्या वर होता, तो आकडा त्यांनीच वहीतून काढला. मग मान्य झालं. प्रत्येक काम दोघींना शिकवलं, म्हणजे भाजणीवाली नसेल तर पॅकिंगवाली भाजते. येणार नसेल तर सकाळी सातच्या आत फोन. शेजारच्या ताईंच्या घरचा संडास वापरायचा, साफसफाईचे 300 रुपये युनिट देतं. दंड काढून टाकला.

एक गोष्ट मात्र फसली. हजेरीऐवजी माल परत न आल्याबद्दल सगळ्यांना मिळून बक्षीस ठेवलं. तर बाकीच्या एका नवीन मुलीवर खेकसायला लागल्या, तिच्यामुळे आपलं बक्षीस जाईल म्हणून. ते अजून नीट सुटलेलं नाही. काढणीच्या दिवसांत खाडेही होतातच. त्या पंधरवड्यात आता आम्ही ऑर्डरच कमी घेतो.

कायद्याचंही एक लक्षात ठेवा. कामाला दहा किंवा जास्त जणी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती करावीच लागते. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

ज्या ग्रामसंघांचं युनिट आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला नियमांचा कागद आणि मागच्या तीन महिन्यांची हजेरी वही घेऊन या. आणि कामावरच्या निदान दोघींना सोबत आणा. त्या दिवसाचा त्यांचा रोज कापू नका.