सभासद बाईच्या नावापुढे नंबर कोणाचा?



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या विभागात ऊस नोंदींची तपासणी सुरू होते. या तपासणीत एक गोष्ट दर साली नजरेस येते. सभासद म्हणून नाव बाईचे, सातबारा तिचा, शेअर तिचा. आणि मोबाईलच्या रकान्यात नंबर मात्र नवऱ्याचा, दिराचा, नाही तर पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाचा. विचारावे तर उत्तर ठरलेले, "साहेब, घरातलाच नंबर आहे की, फरक काय पडतो?"

फरक पडतो. तो कोठे कोठे पडतो हेच येथे सांगावयाचे आहे.

पूर्वी चिटबॉय बांधावर येऊन तोडीची चिठ्ठी देई. वजनाची पावती गाडीवानाबरोबर घरी येई. घरात जो असेल त्याच्या हाती ती पडे, आणि घरात बहुधा बाईच असे. वाचता आले नाही तरी ती डब्यात जपून ठेवी आणि बिलाच्या वेळी काढून देई. आता तोडीची सूचना, काट्यावरचे वजन, बिल जमा झाल्याचा निरोप, सारे मोबाईलवर येते. काम जलद झाले यात शंका नाही. पण चिठ्ठी घरात येत होती. मेसेज ज्याच्या खिशात फोन त्याच्याकडेच जातो. सुधारणेच्या नादात बाईच्या हातातला कागद गेला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

वजनाच्या मेसेजमधली तारीख जपायला हवी. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत त्याची किंमत द्यावयाची असते. हे दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे, किती खेपा गेल्या, निव्वळ टन किती भरले, हे जिच्या नावचा ऊस तिलाच ठाऊक नसेल तर तिने बिल पडताळायचे कशावरून?

दुसरी गोष्ट शेतातली. बेणे तोडणे, डोळे लावणे, भांगलण, पाचट पसरणे ही कामे कोण करते हे सभासदांना आम्ही सांगायला नको. 2002 साली आपल्या भागात लोकरी मावा पसरला तो पुष्कळांच्या लक्षात असेल. पानाखाली पांढरे दिसू लागले की ते आधी दिसते भांगलणीच्या बाईला. आज तिने तिथल्या तिथे फोटो काढून आमच्या शेतकी मदतनिसाला पाठवला तर त्याच दिवशी सल्ला देता येतो. पण तिच्याजवळ फोन नाही. ती संध्याकाळी घरी सांगते, घरचा माणूस सवडीने फोन करतो, तोवर चार दिवस जातात. हुमणीचे भुंगेरे गोळा करण्याचा निरोप आम्ही पाठवतो, तो पोचतो पुण्यात! भुंगेरे असतात बांधावरच्या बाभळी-कडुलिंबावर.

सरकारी कामांचेही तेच. ई-पीक पाहणी राज्यात 2021 पासून मोबाईलवरून करावयाची आहे. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. ज्याच्या हाती तो नंबर, त्याच्या मर्जीवर बाईचे काम.

आणि एक धोका. नवरा वारला की त्याचे सिम रिचार्जवाचून बंद पडते. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते. विधवा सभासदाच्या खात्याचे निरोप मग त्रयस्थाच्या फोनवर जाऊ लागतात, आणि तिला त्याची खबरही नसते.

ही आपल्याच भागाची रड आहे असे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या स्त्रिया 46.6 टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष 48.7 टक्के, तर स्त्रिया 24.6 टक्के.

"बायकांच्या हाती मोबाईल दिला की कामे राहतात," असे काही मंडळी म्हणतात. पारावर बसून दिवसभर फोन बघणारे कोण असतात, ते त्यांनीच पाहावे. दुसरे असे की, घरातला फुटक्या काचेचा, बॅटरी न टिकणारा फोन बाईकडे येतो आणि वर "तिला जमत नाही" असे म्हणतात. तसला फोन आम्हांलाही जमणार नाही.

महागडा फोनच पाहिजे असे नाही. वजनाचा आणि बँकेचा मेसेज साध्या बटणांच्या फोनवरही येतो. अशा फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठविण्याची सोयही झालेली आहे. वाचता येत नसेल तर सातवीतली नात वाचून दाखवील. फोन मात्र आजीच्या कमरेला हवा. ओटीपी किंवा एटीएमचा पिन फोनवर कोणी मागितला तर सांगू नये, अगदी कारखान्याचे नाव घेऊन मागितला तरीही.

नंबर तीन ठिकाणी वेगवेगळा नोंदलेला असतो: कारखान्यात, बँकेत आणि आधारला. एका जागी बदलला म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. कारखान्यातील बदल गट कार्यालयात होईल. बँकेसाठी शाखेत व आधारसाठी आधार केंद्रावर जावे लागेल. मेसेज कसा वाचावा, फोटो कसा पाठवावा हे शिकविण्याचे वर्ग बचत गटांच्या मदतीने गावोगाव घ्यावेत असा आमचा विचार आहे. ते दुपारी दोन ते चार या वेळातच ठेवू, कारण धारा आणि चूल या दोन्हींच्या मधली तेवढीच सवड बायकांना असते. शिकवायला शक्यतो गावातलीच शिकलेली मुलगी घेऊ.

नंबर बदलाचा अर्ज गट कार्यालयात मिळेल. येताना आधार कार्ड आणि फोन बरोबर आणावा. नंबर चालू आहे की नाही ते तिथेच घंटी वाजवून पाहिले जाईल. अर्जावर सभासद बाईची स्वतःची सही किंवा अंगठा लागेल. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी आणलेला अर्ज घेतला जाणार नाही.