सभास्थानाबाहेर घातलेला मनुष्य
(शास्त्रपाठ : योहान, अध्याय ९)

जन्मांधाची ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांस देखील ठाऊक आहे. परंतु आपण ती बहुधा शिलोह तळ्यापाशींच संपवितों. चिखल, डोळे, पाणी, दृष्टि, झालें. वस्तुतः तेथवर अध्यायाचीं सातच वचनें झालेलीं असतात आणि चौतीस शिल्लक राहतात. सातव्या वचनानंतर प्रभु दिसेनासा होतो. शेजारी विचारपूस करितात, परूशी चौकशी मांडितात, आईबाप भिऊन अंग काढून घेतात, आणि अखेरीस त्या मनुष्यास बाहेर घालवितात. तोंवर प्रभूचा कोठें पत्ता नाहीं. पस्तिसाव्या वचनांत, त्याला बाहेर घातल्याचें कानीं येतांच, तो त्याला शोधून काढितो.

बाहेर घालणें म्हणजे काय, हें समजण्यास आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती लोकांस टीकाग्रंथ उघडावा लागत नाहीं. आपल्या आजापणजांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां कित्येकांस त्यांच्या जातीनें वाळीत टाकिलें. सोयरीक तुटली, प्रेतास खांदा द्यावयास कोणी आलें नाहीं. पुष्कळांस तर त्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या गांवचा पाणवठाच बंद होता. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रांत २०१६ सालीं कायदा करावा लागला, यावरून ती चाल अद्याप मेलेली नाहीं हें उघड आहे. म्हणून या अध्यायांतील आईबापांस आपण भित्रे म्हणून हंसूं नये.

या पाठास जोडून एक अलीकडचा वृत्तांत सांगतों. तो रोमन क्याथलिक मंडळींतील आहे. पोपाच्या अधिकाराविषयीं आपलें मत निराळें आहे. परंतु प्रभूनें शोमरोन्याचें उदाहरण घालून शिकविलें, तर शेजारच्या मंडळीपासून शिकण्यास आपणांस लाज कशाची?

अमेरिकेंत जीनीन ग्रॅमिक नांवाच्या एक संन्यासिनी १९७१ सालीं फिलाडेल्फिया शहरीं उच्च शिक्षण घेत होत्या. तेथें त्यांची एका तरुणाशीं गांठ पडली. ज्या पुरुषांची ओढ पुरुषांकडे असते, ज्यांस हल्लीं समलिंगी म्हणतात, त्यांपैकीं तो होता. आमच्यासारख्यांसाठीं मंडळी काय करीत आहे, असें त्यानें विचारिलें. बाईंपाशीं उत्तर नव्हतें. त्यांनीं अशा लोकांकरितां घरगुती उपासनेची व्यवस्था केली. पुढें १९७७ सालीं रॉबर्ट न्यूजंट या क्याथलिक पाद्रींबरोबर त्यांनीं मेरीलँड प्रांतांत ‘न्यू वेज मिनिस्ट्री’, म्हणजे नव्या वाटांची सेवा, ही संस्था काढिली. हें नांव ब्रूकलिनच्या बिशपांनीं १९७६ सालीं लिहिलेल्या एका पत्रावरून घेतलें होतें. पाद्री, संन्यासिनी, आणि अशा मुलांचे गोंधळून गेलेले आईबाप यांच्यासाठीं हे दोघे ठिकठिकाणीं वर्ग घेत. आमच्या मतें आईबापांसाठीं केलेलें काम सर्वांत अवघड असावें.

वरिष्ठांस हें रुचलें नाहीं. मंडळीचें शिक्षण हे दोघे पुरतें स्पष्ट सांगत नाहींत, असा आरोप होऊन चौकशी वर्षानुवर्षें चालली, आणि १९९९ सालीं रोमहून हुकूम सुटला कीं, अशा लोकांमध्यें या दोघांनीं पाळकाचें काम कायमचें बंद करावें. न्यूजंट यांनीं हुकूम मानिला व एका मंडळीची सेवा करीत राहिले. १ जानेवारी २०१४ रोजीं ते प्रभूमध्यें निजले. ग्रॅमिकबाईंनीं मौन पत्करिलें नाहीं. २००१ सालीं त्या दुसऱ्या संन्यासिनीसंघांत गेल्या आणि काम चालूंच ठेविलें. दोघांत बरोबर कोण, हा निवाडा आम्ही करीत नाहीं. आमचें मन मात्र बाईंकडे झुकतें. पुढें पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं त्यांस आपुलकीचें पत्र लिहिलें, व १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं आपल्या निवासस्थानीं बोलावून त्यांची भेट घेतली. रोमचें विवाहाविषयींचें शिक्षण मात्र त्यामुळें बदललें नाहीं.

आपल्या पाळकांतही या विषयावर एकमत नाहीं, आणि एका पाठांत तें होणार नाहीं. तथापि एवढें पाहावें : हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळें, हा प्रश्न शिष्यांचा होता. प्रभूनें तो आरंभींच बाजूस सारिला. बाहेर घातलेल्या मनुष्यास शोधून काढल्यावर त्यानें विश्वासाविषयीं विचारिलें, जन्माविषयीं नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालील एका मंडळींत भजनास पेटी वाजविणारा एक तरुण होता. त्याच्याविषयीं कुजबुज सुरू झाली. पंचांनीं त्याचें नांव प्रभुभोजनाच्या यादींतून काढिलें. त्याला कोणी बोलाविलें नाहीं, कोणी कांहीं विचारिलें नाहीं. त्या ठरावावर सही आमची आहे. तो मुंबईस निघून गेला. त्याची आई अजून उपासनेस येते, दाराशीं बसते, आणि शेवटचें गीत संपण्यापूर्वीं उठून जाते. तिच्या देखत आम्ही जन्मांधाच्या आईबापांच्या भित्रेपणावर उपदेश केला होता, हें आम्हांस फार उशिरां उमजलें. गेल्या महिन्यांत आम्ही तिच्या घरीं जाऊन मुलाचा पत्ता मागितला. “आतां कशाला, पाद्रीसाहेब?” असें ती म्हणाली. पण चहा ठेविला, आणि निघतांना वहीच्या पानावर लिहिलेला पत्ता हातीं दिला. पत्र गेलें आहे. ठराव रद्द करण्याचा विषय पंचांपुढें आहे. दोघे पंच नाखूष आहेत.

ज्या उपदेशकांस हा पाठ चालवावयाचा आहे त्यांनीं प्रथम एकेचाळीस वचनें मोठ्यानें वाचून घ्यावीं. चिखलापाशीं फार वेळ थांबूं नये. बाविसाव्या वचनावर आधीं बायकांस बोलूं द्यावें, कारण घरांतून मूल तुटण्याचें दुःख त्यांस अधिक ठाऊक असतें. आपल्या गांवांतील कोणाचेंही नांव या पाठाच्या वेळीं निघूं देऊं नये, आणि निघाल्यास तेथेंच थांबवावें. उपासना संपल्यावर जें कोणी दाराशीं रेंगाळेल त्याच्यासाठीं उपदेशकानें थोडा वेळ राखून ठेवावा.